पाचशेची पाचशे पस्तीस करण्याआधी

रॉयल एनफील्डची क्लासिक ५०० किंवा बुलेट ५०० बाळगणाऱ्यांच्या गप्पा कधी ना कधी एका विषयावर येतातच. सपाटीला गाडी मजेत चालते, पण मागे माणूस, दोन्ही बाजूंना बॅगा आणि समोर खंबाटकीचा चढ आला की गिअर उतरवावा लागतो. मग कोणीतरी सुचवतं, "५३५ चा ब्लॉक-पिस्टन टाकून घे." सल्ला हवेतला नाही. २०१३ मध्ये आलेल्या काँटिनेंटल जीटीचं इंजिन याच पाचशेच्या घरातलं. स्ट्रोक दोघांचा ९० मिलिमीटर, बोअर मात्र ८४ च्या जागी ८७. कंपनीनेच घडवलेले भाग वापरून क्षमता वाढते, त्यामुळे बिग-बोअरच्या सगळ्या प्रकारांत हा मला सर्वांत समंजस वाटतो. म्हणूनच इथे उदाहरण म्हणून तोच घेतो. हिशोब, मोजमाप आणि जोडणीची पद्धत इतर किटनाही लागू पडते.

आधी मिळतं काय ते पाहू. ४९९ सीसीची गाडी ५३५ ची होते, म्हणजे क्षमता सात टक्क्यांनी वाढते. कंपनीच्या आकड्यांनुसार क्लासिक ५०० ची ताकद २७.२ बीएचपी आणि टॉर्क ४१.३ न्यूटन-मीटर. जीटीचे तेच आकडे २९.१ आणि ४४. वाढ पुन्हा सहा-सात टक्क्यांचीच. सिलिंडरमध्ये जेवढी हवा जास्त मावली तेवढाच जोर वाढला, आणि टॉर्कचं शिखर दोन्ही इंजिनांत ४००० आरपीएमच्याच आसपास राहिलं. लांबच्या प्रवासाला हे सोयीचं आहे, कारण जोर मिळवायला इंजिन जास्त फिरवावं लागत नाही. पण सात टक्के म्हणजे सात टक्केच. त्याच चढावर वरचा गिअर थोडा जास्त वेळ टिकेल, ट्रक ओलांडताना हात थोडा कमी पिळावा लागेल. गाडीचा स्वभावच बदलावा अशी अपेक्षा असेल तर पैसे इथे घालू नका.

पैसे काढण्याआधी कायदाही समजून घ्यायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नसतो. इंजिनची क्षमता आरसीवर लिहिलेली असते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मला स्वतःला दंडापेक्षा विम्याची काळजी जास्त वाटते. अपघात झाला, दुसऱ्या कुणाला इजा झाली आणि इंजिन नोंदणीप्रमाणे नाही असं निघालं, तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण पडतं. तो भुर्दंड तुमच्या घरावर येऊ शकतो. म्हणून भारतात सार्वजनिक रस्त्यावर चालवायच्या गाडीत हे काम करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेरून ओळखू येत नाही, हा त्याला युक्तिवाद होऊ शकत नाही.

हे काम उघडपणे करता येतं ते ब्रिटनसारख्या देशांत. तिथे एनफील्डची जुनी परंपरा आहे, हिचकॉक्ससारखे केवळ एनफील्डच्या भागांचे व्यापारी आहेत, आणि सिलिंडरची क्षमता बदलली तर ती डीव्हीएलए या तिथल्या वाहन-नोंदणी खात्याकडे कळवून गाडीच्या कागदांवर चढवून घेता येते. विमा कंपनीलाही आधी सांगायचं. तिथे राहणारे आपले बरेच लोक अशा गाड्या हौसेने बाळगतात. त्यांच्यापैकी कोणी ए-२ परवान्यावर असेल तर एक लक्षात ठेवा : त्या परवान्याची मर्यादा ३५ किलोवॅट. पाचशे पस्तीस जेमतेम बावीस किलोवॅटची, तिची चिंता नाही. इंटरसेप्टर ६५० मात्र मुळातच त्या रेषेवर उभी आहे. तिचा बोअर वाढवला की ती परवान्याबाहेर गेली.

आणि इथल्या वाचकांसाठी? तुमची पाचशे धूर मारत असेल, ऑइल पीत असेल, तर तिला नाहीतरी 'हाफ इंजिन' लागणारच आहे. घासलेला ब्लॉक पाव किंवा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ करून नवा पिस्टन बसवणं ही दुरुस्ती झाली, फेरबदल नव्हे. पुढे मापं आणि जोडणीबद्दल जे लिहिलं आहे ते त्या कामालाही जसंच्या तसं उपयोगी आहे. गाडी फक्त ट्रॅकवर किंवा खाजगी जागेत चालवणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

घाटात गाडी उठत नाही म्हणून ब्लॉकपर्यंत पोचण्याआधी काही साधी कामं तपासा. एअर फिल्टर, प्लग, चेनचा ताण, ब्रेक अडकत तर नाही ना, टायरची हवा, क्लच. क्लच घसरतोय का हे कळायला सोपी परीक्षा आहे : वरच्या गिअरमध्ये चढावर थ्रॉटल एकदम उघडा. इंजिनचा आवाज वाढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लचप्लेट संपल्या आहेत. अशा क्लचवर मोठं इंजिन बसवलं तर वाढलेला जोर चाकापर्यंत पोचायच्या आधीच जळून जाईल. दुसरा उपाय स्प्रॉकेटचा. पुढचं पंधरा दातांचं असेल तिथे चौदाचं लावलं की मागच्या चाकावरचा जोर सात टक्क्यांनी वाढतो. ५३५ च्या किटमधून मिळतो तेवढाच, आणि तोही इंजिन न खोलता! त्याची किंमत हायवेवर मोजावी लागते : त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरतं, थरथर वाढते. ज्यांचे प्रवास आंबोली, ताम्हिणी, वरंध असे घाटांतले आहेत त्यांना ते परवडतं. मुंबईहून एका दमात बेंगळुरू गाठणाऱ्यांना नाही परवडणार. स्प्रॉकेट वेगळं असलं तरी ते कंपनीच्या मापाचं आणि चांगल्या बनावटीचं घ्या, स्वस्तातलं दात मोडून चेन गुंडाळतं.

लडाखसाठी म्हणून मोठा बोअर करायचा विचार असेल त्यांच्यासाठी दोन वाक्यं जास्त. पाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या किंचित वर असतो, त्यामुळे टर्बो नसलेल्या कुठल्याही इंजिनची ताकद जवळपास अर्धी होते. वाढवलेले सात टक्केही मग त्या अर्ध्यातलेच. खरा ताण पडतो तो उलट ठिकाणी : एप्रिल-मे महिन्यात, समुद्रसपाटीच्या दाट पण तापलेल्या हवेत, सामान लादून कोकणातून घाट चढताना. मोठ्या बोअरची परीक्षा घ्यायची तर ती तिथे घ्या.

आता इंजिन खोलण्याकडे वळू. किटचा खोका दुकानातून आणण्याआधी जुन्या इंजिनाची मापं झाली पाहिजेत, कारण किट फक्त वरचा भाग बदलतं. खाली क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, ऑइल पंप जुनेच राहतात आणि सगळा जास्तीचा भार त्यांनाच झेलायचा असतो. पन्नास-साठ हजार किलोमीटर झालेल्या खालच्या भागावर नवा ब्लॉक चढवला की वरचा आवाज बंद होतो आणि खालचा सुरू होतो. हेड काढल्यावर पिस्टन वरच्या टोकापासून थोडा खाली आणा, कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरा आणि सरळ वर-खाली ओढा. बाजूला थोडी हालचाल असतेच, ती असायलाही हवी. वर-खाली मात्र काहीही जाणवता कामा नये. 'टक्' असा बारीकसा जरी ठोका बोटांना लागला तरी बिग-एंड बेअरिंग गेलेलं आहे. तिथे थांबा. तो 'फुल इंजिन'चा खर्च आहे, बिग-बोअरचा नव्हे.

नुसत्या कॉम्प्रेशन गेजवर या इंजिनात विसंबू नका. किक किंवा सेल्फ सोपी पडावी म्हणून यात आपोआप चालणारा डीकॉम्प्रेसर आहे, त्यामुळे आकडा नेहमीच कमी दिसतो आणि घाबरवून सोडतो. त्यापेक्षा लीक-डाउन टेस्ट करून घ्या. सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि ती कुठून फुसफुसते ते ऐकायचं : सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनलेट, आणि क्रँककेसमधून आली तर रिंगा. हेडचं काम निघालं तर ते त्याच वेळी उरका. गळक्या व्हॉल्व्हवर नवा पिस्टन बसवणं म्हणजे पैसे वाया.

टर्नरकडे ब्लॉक नेताना पिस्टनही सोबत न्या. "८७ चा बोअर कर" एवढं सांगून ब्लॉक टाकून येणारे बरेच आहेत, आणि इंजिन जाम होण्याची कहाणी अनेकदा तिथेच सुरू होते. बोअर पिस्टनच्या मापाने होतो, कागदावरच्या आकड्याने नाही. पिस्टन त्याच्या स्कर्टवर, किटच्या पत्रकात सांगितलेल्या उंचीवर मायक्रोमीटरने मोजायचा. ब्लॉक वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, बोअर गेजने मोजायचा. या सहा आकड्यांतला फरक नव्या ब्लॉकमध्ये एक शतांश मिलिमीटरच्या आसपासच असावा. फोर्ज्ड पिस्टन घेतला असेल तर तो कास्ट पिस्टनपेक्षा तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला फट जास्त लागते आणि सकाळी गार इंजिनात तो थोडा खडखडतो. हे त्याचं दुखणं नाही. टूरिंगच्या गाडीला मी तरी चांगला कास्ट पिस्टनच सुचवेन. होनिंगच्या रेषा एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या, स्वच्छ दिसल्या पाहिजेत. आरशासारखा गुळगुळीत ब्लॉक कोणी 'फिनिशिंग भारी आहे' म्हणून हातात दिला तर परत करा, त्यावर ऑइल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत. घरी आणल्यावर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने धुवा. पेट्रोलने होनिंगची पूड निघत नाही. पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच बाहेर आलं पाहिजे. मग लगेच ऑइलचा हात द्या, नाहीतर बीड तासाभरात तांबूस होतं.

पिस्टन, पिन, रिंगा आणि सर्क्लिप एकत्र वजन करा. ओळखीच्या सोनाराचा काटा यासाठी उत्तम. हे एका सिलिंडरचं इंजिन, त्याचं संतुलन मूळ पिस्टनच्या वजनावर ठरलेलं. नवा संच बराच जड निघाला तर थरथर वाढेल, आणि ती हँडलवर, पायांत, दिवसभराच्या प्रवासात जाणवेल. स्ट्रोक तोच असल्याने पिस्टनचा वेग बदलत नाही, पण जड पिस्टनचा झटका रॉडला जास्त बसतो. म्हणून क्षमता वाढली तरी आरपीएमची मर्यादा वाढवायची नाही.

ज्या हिशोबाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं तो कॉम्प्रेशनचा. मूळ पाचशेचं कॉम्प्रेशन ८.५ ला १. म्हणजे पिस्टन अगदी वर असताना हेडमध्ये उरणारी जागा ४९९ भागिले ७.५, साधारण साडेसहासष्ट सीसी. हेड तेच ठेवून, सपाट पिस्टनने खालची क्षमता ५३५ केली, तर कॉम्प्रेशन सरळ ९ वर जातं. एवढं चालतं. आता हाच हिशोब इंटरसेप्टर ६५० च्या जुळ्या इंजिनाचा करून पाहा. बोअर ७८, स्ट्रोक ६७.८, कॉम्प्रेशन ९.५. अमेरिकेतली एस अँड एस कंपनी त्याचं ८६५ सीसीचं किट बनवते. हेडमधली जागा तीच ठेवली असती तर कॉम्प्रेशन बाराच्याही वर गेलं असतं! एवढी मोठी उडी घेताना पिस्टनचा माथा, हेड, कॅम, इंधन या सगळ्यांचा एकत्र विचार लागतो. कुठल्याही किटच्या विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा : बसवल्यावर कॉम्प्रेशन किती होणार? आकडा सांगता आला नाही तर दुसऱ्या दुकानात जा.

कॉम्प्रेशन वाढलं की नॉकिंगचा धोका वाढतो. थ्रॉटल उघडल्यावर चढावर इंजिनातून खडे वाजल्यासारखा आवाज आला तर थ्रॉटल मिटा, गिअर उतरवा. तसंच रेटत राहिलात तर पिस्टनच्या कडा वितळतात, रिंगांमधल्या भिंती तुटतात.

इंधनाचं गणित कंपनीने ४९९ सीसीसाठी मांडलेलं असतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर सावकाश चालवताना थोडीफार दुरुस्ती करतो. पूर्ण थ्रॉटलवर मात्र ईसीयू ठरलेल्या तक्त्यावरच चालतो, आणि तिथे मिश्रण पातळ पडतं. त्यात आता ई-२० पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉल असलेल्याला साधारण साडेतेरा. जुन्या मॅपिंगची गाडी त्यामुळे आधीच थोडी पातळ चालते, वर मोठा बोअर. पातळ मिश्रण म्हणजे उष्णता, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंखांचा आकार काही आपण वाढवलेला नसतो. म्हणून किटच्या खर्चातच इंधनाचं मॅपिंग धरा : जोड-ईसीयू, वाइडबँड सेन्सर आणि डायनोवरचा वेळ. त्याशिवाय मोठा बोअर करणाऱ्याला मी गाडी चालवूच नको म्हणेन. कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट मोठा लागेल, तोही प्लगचा रंग पाहून अंदाजाने नव्हे, मोजून.

जोडणीचं काम ज्याच्या हातात असेल त्याच्याजवळ शक्य तर उभे राहा. क्रँककेसच्या तोंडात आधी स्वच्छ फडकं कोंबलेलं असलं पाहिजे, कारण पिन बसवताना सर्क्लिप बोटातून निसटते आणि नेमकी आत जाते. सर्क्लिप नेहमी नवी. तिची फट पिस्टनच्या खाचेसमोर येऊ द्यायची नाही. पिस्टनवरचा बाण कुठल्या दिशेला हवा ते पत्रकात पाहून मगच पिस्टन धरा. रिंगा ब्लॉकमध्ये एकेक घालून, पिस्टननेच सरळ ढकलून, फिलर गेजने टोकांमधली फट तपासायची. ८७ च्या बोअरला वरच्या रिंगेची फट साधारण पस्तीस शतांश मिलिमीटर येते, पण अंतिम शब्द रिंगेच्या पत्रकाचा. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि ब्लॉक ओरबाडला जातो. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत नकोत. मग ऑइल लावून ब्लॉक हळूहळू खाली. ब्लॉक अडला तर ठोकायचा नाही : रिंग बाहेर आलेली असते, आणि एका फटक्यात ती तुटते. ब्लॉकचा खालचा गळा क्रँककेसच्या तोंडात सैलसर, सरळ बसतो ना, तेही पॅकिंग लावण्याआधी कोरडंच तपासून घ्या. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, फुलीच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्या कारागिराचा मान ठेवूनही टॉर्क रेंच आणायला सांगा. या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत. ते ऑइलने भरलेले असताना हेड आवळलं तर व्हॉल्व्ह किंचित उघडे राहू शकतात, म्हणून पुश-रॉड बोटांनी फिरायला लागेपर्यंत थांबा आणि मगच इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवून पाहा.

पहिल्यांदा सुरू केल्यावर गाडी स्टँडवर अर्धा तास गुरगुरत ठेवायची पद्धत काही गॅरेजांत अजून आहे. ती चुकीची. रिंगा बसतात त्या दाबाने, आयडलवर दाब नसतो आणि हवाही लागत नाही. दोन-तीन मिनिटांत गळती तपासून रस्त्यावर, म्हणजे जिथे ती चालवायला मुभा आहे तिथे, न्या. थ्रॉटल मध्यम उघडून वेग वाढवायचा, मग सोडून इंजिनवरच उतरू द्यायचा, पुन्हा वाढवायचा. एकाच वेगाला तासभर चालवणं टाळा. वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबून ओढायला लावणं त्याहून वाईट. सुरुवातीला मिनरल ऑइल घाला, पहिलं ऑइल शंभर किलोमीटरच्या आतच बदला, दुसरं पाचशेला. काढलेलं ऑइल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात पाहा. राखाडी चमक पहिल्या वेळी दिसेल, दुसऱ्या वेळी ती जवळजवळ नाहीशी झालेली असावी. नखात रुतेल असा तुकडा दिसला तर गाडी पुढे चालवू नका.

हजार किलोमीटर होईपर्यंत सामान आणि मागचा माणूस नको. त्यानंतरचा पहिला मुक्कामी प्रवास घरापासून दोन-अडीचशे किलोमीटरच्या आतला ठेवा, जिथून टेम्पोत घालून गाडी परत आणता येईल. जाताना आणि आल्यावर ऑइलची पातळी सपाट जागेवर तपासून वहीत लिहा, टाकी-टू-टाकी अ‍ॅव्हरेजही लिहा. हे दोन आकडे तीन-चार प्रवासांत स्थिरावले की बॅगा बांधायला हरकत नाही.